मॉरिशसला दुपारी कुठे जेवावे: मित्रास पत्र

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमची तिकिटे निघाली हे वाचून फार आनंद झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस तू, वहिनी आणि काकू असे तिघे आठ दिवसांसाठी मॉरिशसला निघाला आहात, मुक्काम उत्तर किनाऱ्यावर त्रू ओ बिशला आहे, आणि हॉटेलवाले तिन्ही वेळच्या जेवणाचे पैसे आताच भरा म्हणत आहेत. तर भरावेत का, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगून टाकतो: सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण हॉटेलात घे, दुपारचे घेऊ नकोस. गेल्या वर्षी आम्ही तिघे गेलो तेव्हा पहिले दोन दिवस दुपारी हॉटेलातच जेवलो, आणि ते दोन दिवस वाया गेल्याची रुखरुख मला अजून आहे, कारण तसे जेवण समुद्रकाठच्या कुठल्याही मोठ्या हॉटेलात मिळाले असते. शिवाय एक वाजता जेवायला परत यायचे म्हटले की सकाळचे फिरणे अर्ध्यावर सोडून गाडी वळवावी लागते.

मी तीस वर्षे फोर्टात नोकरी केली, हे तुला ठाऊकच आहे. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात ज्या गाडीपुढे बँकेतला कारकून, वकील आणि हमाल एकाच रांगेत उभे असतात, तिथले अन्न ताजे असते, कारण ते उरतच नाही, एवढे मी तिथे रोज पाहिले. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई हीसुद्धा अशीच कामकऱ्यांची, कचेऱ्यांची आणि बंदराची जागा आहे, आणि तिचे खरे जेवण दुपारचे आहे. म्हणून तिथे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. रविवारी दुपारी शहर ओस पडते.

सकाळी आधी आप्रवासी घाट पाहा. ऊसमळ्यांवर राबण्यासाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर त्या बेटावर उतरू लागले, आणि ते जिथे उतरत तो हा घाट. २००६ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या मजुरांमध्ये आपल्या रत्नागिरीकडची माणसे होती, आणि ती मुंबई बंदरातूनच जहाजावर चढली होती. काकूंना हे आवर्जून सांग. घाटापासून सेंट्रल मार्केट चालत जाण्याइतके जवळ आहे, आणि घाट पाहून तिथे जेवायला गेले की समोरचे अन्न त्या बेटावर कसे पोचले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिथे पहिल्यांदा डाळपुरीच खा. नावात पुरी असली तरी ती तळलेली नसते. डाळ हळद घालून शिजवतात, पूर्ण निथळून कोरडी वाटतात, तीत जिरे घालतात, मैद्याच्या पारीत भरून अगदी पातळ लाटतात आणि तव्यावर भाजतात. म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त गुळाशिवाय. आपण कट आमटीसाठी बाजूला ठेवतो. तिथे पुष्कळ घरांत त्याच कटात मैदा भिजवतात. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

बाजाराच्या दाराशी एक बाई काचेची पेटी लावून बसली होती. पेटीत कापडाखाली पिवळसर पोळ्यांची चळत होती, आणि कापड उचलले की वाफेबरोबर जिऱ्याचा वास येई. ती दोन पोळ्या अर्ध्या अर्ध्या एकमेकींवर सरकवून कागदावर टाकी, मधोमध पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांच्या रश्श्याची एक पळी, तिच्यावर रुगाय या टोमॅटोच्या रश्श्याचा एक चमचा आणि हिरव्या चटणीचे एक बोट ओढी, मग दोन्ही कडा आत घेऊन कागद गुंडाळी. एवढे सगळे होईपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाने सुटे पैसे मोजलेलेही नसत. डाळपुरी जोडीनेच विकतात, म्हणून ‘एन पेर’, म्हणजे एक जोडी, एवढेच म्हणायचे. ती ‘पिमां?’ असे विचारील, तेव्हा काकूंच्या जोडीत मिरची घालू देऊ नकोस, कारण तिथली मिरची फार जहाल असते. जोडी उभ्यानेच खायची असते, आणि तुझ्यासारख्या खाणाऱ्याला दोन जोड्या लागतील. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या जवळपास दुप्पट आहे, तरीही हे जेवण बेटावरचे सर्वांत स्वस्त आहे.

त्याच बाजारात डाळीचे छोटे गरम वडे मिळतात. त्यांना गातो पिमां म्हणतात. लोक ते लोणी लावलेल्या पावात भरून खातात, आणि दादरच्या माणसाला ते कसे खायचे हे शिकवावे लागत नाही. वर आलुदा प्या: थंड दूध, सब्जा आणि चायना ग्रासचे तुकडे. आपल्या फालुद्याचाच तो भाऊ आहे.

डाळपुरीसाठी आणखी एक फेरी करायची तयारी असेल, तर रोझ हिलला देवा यांचे दुकान आहे, त्याचे नाव साऱ्या बेटावर घेतात. पोर्ट लुईहून रोझ हिलला मेट्रो जाते. २०१९ च्या ऑक्टोबरात तिचे उद्घाटन झाले. टॅक्सीपेक्षा ती बरी, आणि काकूंना बसायला जागा मिळते.

काकूंच्या जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण माझ्या पत्नीचेही सगळे शाकाहारीच होते आणि आम्ही त्यात एकदा फसलो. तिथे भाजी मागितली तर भाजीच मिळेल असे धरून चालू नकोस. रुगाय डाळपुरीबरोबर साधा असतो, पण खानावळीत तोच खारवलेल्या मासळीचा किंवा सॉसेजचा असू शकतो. चिनी वस्तीतल्या उकडलेल्या गोळ्यांत चायोटी या फळभाजीचे गोळे दिसतात आणि ते भाजीचे वाटतात; त्यांत पुष्कळदा सुकट किंवा कोंबडी असते. मीन फ्री या परतलेल्या नूडल्समध्ये मांस नको म्हटले तरी सॉस कशाचा आहे ते विचारावे लागते. वहिनी आणि तू मात्र ते दोन्ही जरूर खा, आणि मासे आवडतात तर विंदाय सोडू नका: तळलेल्या माशाला वाटलेली मोहरी, हळद आणि व्हिनेगर लावून मुरवतात, आणि तो थंडच भाताबरोबर किंवा पावाबरोबर खातात. मला तो लोणच्याच्या आणि माशाच्या मधला प्रकार वाटला आणि फार आवडला.

काकूंसाठी सर्वांत उत्तम जेवण म्हणजे सेत कारी, अर्थात सात भाज्या. ते लग्नाकार्यातले जेवण आहे: केळीच्या पानावर भात आणि त्याभोवती लाल भोपळा, कोवळा फणस, कच्ची केळी, पालेभाजी, चटणी आणि रसमसारखे आंबट पाणी. काही खानावळींत ते दुपारी मिळते. आम्हाला ते आमच्या टॅक्सीवाल्यामुळे मिळाले. तो मराठी घरातला होता, बोलायचा तिथली क्रिओल भाषा, पण गणपतीची आरती त्याला सगळी पाठ होती. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते हेही त्यानेच सांगितले. त्याच्या गाडीतून फिरलो त्या पहिल्या दिवशी मी त्याला चांगले रेस्टॉरंट दाखव म्हटले, तर त्याने समुद्रकाठच्या पांढऱ्या टेबलक्लॉथच्या जागी नेले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, ‘तू स्वतः दुपारी कुठे जेवतोस?’ त्यावर त्याने गाडी मुख्य रस्त्यावरून आत एका गावात वळवली, आणि एका घराच्या पडवीत माझी पत्नी पानावर मांडी घालून बसली. तूही प्रश्न असाच विचार.

आता फसलो ते सांगतो. पूर्वेकडच्या इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर बोटीची दिवसभराची सहल असते आणि तिच्या दरात दुपारचे जेवण धरलेले असते. आम्ही पैसे भरताना शाकाहारी एक असे लिहून दिले होते. प्रत्यक्षात निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि मासे आले, आणि पत्नीच्या पुढ्यात पाव, काकडी आणि केळे. भर उन्हात, पाण्यावर, दुसरे काही मिळण्याची सोय नव्हती. मला त्या बोटवाल्यांचा आजही राग येतो, कारण त्यांना आठ दिवस आधी माहीत होते. ती सहल करा, समुद्र तिथे अप्रतिम आहे, पण काकूंसाठी सकाळीच तीन जोड्या डाळपुरी बांधून घ्या आणि त्या पिशवीला कुणाला हात लावू देऊ नका.

वेळेचे एक पथ्य आहे. तिथले घड्याळ आपल्या मागे दीड तास आहे, म्हणजे तिथे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे दीड. काकूंची साखरेची गोळी जेवणाआधीची आहे. पहिले दोन दिवस त्यांना तिथल्या अकरा वाजताच भूक लागेल, तेव्हा जेवण बाराच्या पुढे ढकलू नका. बाजारातल्या गाड्यांवरही दोननंतर चांगले काही शिल्लक राहत नाही.

रविवारी फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर जा. तिथे सुरूच्या झाडांखाली घरेच्या घरे चटया टाकून बसलेली असतात, ब्रियाणीचे डेग आणलेले असतात, मुले पाण्यात असतात. थेट किहीमची आठवण होते. ज्यांनी घरून आणलेले नसते ते तिथल्या गाड्यांवरून घेतात. अननस कापून त्यावर चिंच, मिरची आणि मीठ लावून देतात, तो घ्याच. तुम्ही जाल तेव्हा लिचीचा हंगाम असेल; रस्त्याकडेला जुड्या टांगलेल्या दिसतील.

दक्षिणेकडे फारसे सांगण्यासारखे नाही. शामारेलला घरगुती पद्धतीची चांगली जेवणे आहेत, पण हरणाचे आणि रानडुकराचे मांस हा तिथला मान, आणि दरही चढे. काकू बरोबर असताना तिथे सात रंगांची माती पाहून कॉफी घ्यावी आणि पुढे निघावे. गंगा तलावाला आम्ही डबा घेऊन गेलो होतो आणि ते बरे झाले.

परतीच्या दिवशी माहेबुर्ग गाठा, ते विमानतळाच्या जवळच आहे. तो दिवस सोमवार असेल तर तिथला मोठा आठवडी बाजार भरलेला असेल. नसला तरी डाळपुरीवाला भेटेल. दुपारचे जेवण तिथेच उरका. आणि निघताना माझ्यासाठी चार जोड्या कोरड्या, आत काही न भरता, कागदात बांधून आण. गेल्या वेळी आम्ही आणल्या होत्या. दादरला पोचल्यावर तव्यावर तूप सोडून गरम केल्या आणि आमटीबरोबर खाल्ल्या.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दादरचा मित्र