मुकादमाला वाक्यातून हाकलू नका : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून ‘मराठीला ज्ञानभाषा करू’ हे आम्ही प्रत्येक व्यासपीठावरून ऐकतो आहोत. ते कसं चाललंय, ते आता माझ्याकडून ऐका.

मी बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात एका संशोधनपत्रिकेनं ऊसतोड कामगारांवरचा माझा लेख परत पाठवला. आक्षेप माहितीवर नाही, पद्धतीवर नाही; भाषेवर. मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराबद्दल, म्हणजे मुकादमाबद्दल, मी लिहिलं होतं, ‘मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही त्याच्याच टोळीत जावं लागतं.’ त्याऐवजी सुचवलं गेलं : ‘ऋणाधारित हंगामी स्थलांतराच्या संरचनेत श्रमिकांच्या निवडस्वातंत्र्याचा संकोच पुनरुत्पादित होतो.’

मुकादम गेला कुठे? साखर कारखाना कुठे आहे? नवरा-बायकोची जोडी हिशेबात एकच ‘कोयता’ म्हणून धरतात, त्यात बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेबच होत नाही. हे सांगायचं तर ‘कोयता’ लिहावाच लागतो. मला ‘द्विव्यक्ती श्रम-एकक’ लिहायला सांगितलंय. मी लिहिणार नाही. माझ्या वर्गातल्या कित्येकांचे आईबाप आज फडात आहेत. त्या पोरांना स्वतःचं घर ओळखू येणार नाही असं ज्ञान मी त्यांना कोणत्या तोंडानं शिकवू?

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ साली. कोण लुबाडतो आणि कसा, हे त्यांनी उघड लिहिलं. आज त्यावर आम्ही प्रबंध लिहितो, आणि ते शेतकऱ्याच्या शिकलेल्या पोरालाही वाचून कळत नाहीत.

कळतील कसे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत मानव्यविद्यांच्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. तो कुणाला कळला, याला एकही नाही. पदोन्नती गुणांवर, मग वाचकाची फिकीर कोण करतो? नवे प्राध्यापक दोन वर्षांत ही भाषा उचलतात, कारण पोट त्यावर आहे. साहेब, ही भाषा सत्तेलाही सोयीची आहे. ज्या अहवालात मुकादम नाही, कारखाना नाही, त्यावर कुणालाच जाब द्यावा लागत नाही. आणि कारखाने कुणाच्या ताब्यात आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको.

सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रबंधासोबत साध्या मराठीत दहा पानांचा सारांश सक्तीचा करा. ज्यांच्यावर संशोधन झालं, त्यांच्या गावात तो वाचून दाखवला गेल्याशिवाय पदवी देऊ नका. हे करणार की नाही, एवढं लेखी कळवा.

आपला,
एक प्राध्यापक