डॉक्टर ताई, गुजरीतून आभाराचं पत्र

डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात येऊन आभार मानले असते, तर तुम्ही "अहो, त्यात काय!" म्हणून विषय संपवला असता. म्हणून हे उघड पत्र. गुजरीत, आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिने घडवणाऱ्या कितीतरी जणांची मान माझ्यासारखीच धरते, त्यांनीही ते वाचावं.

कोल्हापुरी साजाचं काम म्हणजे तासन्‌तास मान खाली. जवमणी, पानड्या, प्रत्येक पानडीवर बारीक नक्षी. वर्षानुवर्षं असं बसून मान आखडली, उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, झोप उडाली. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी पित्त खवळलं. घरात कुणाशी धड बोलणं होईना.

तुमच्याकडे आलो तो सुया टोचून घ्यायच्या तयारीनं. तुम्ही त्या दिवशी सुईला हातच लावला नाहीत. मुंग्या येतात म्हटल्यावर आधी तपासण्या करायला, हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला पाठवलंत. "मणक्यात काही असेल तर ते आधी कळू दे," म्हणालात. बीपीची गोळी बंद करायची नाही, हेही बजावलंत. माझा विश्वास बसला तो तिथंच.

मग तुमचे प्रश्न! झोपतो कधी, जेवतो कधी, पोट साफ होतं का, चिडचिड होते का, कामाला बसतो कसा. जीभ पाहिलीत, दोन्ही मनगटांची नाडी पाहिलीत. मान दुखते तर हे सगळं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मानेमुळं झोप गेली, झोप नाही म्हणून चहा वाढला, चहा आणि गोळ्यांनी पोट बिघडलं, हे एकात एक अडकलेलं सगळं तुम्ही उलगडून दाखवलंत. तोवर प्रत्येक दुखण्याला मी वेगळी गोळी घेत होतो.

सुईबद्दल कारागिराच्या नजरेनं सांगतो. जेमतेम पाव मिलिमीटर जाडी, भरीव, आत औषध नाही. दर वेळी सीलबंद पाकिटातून नवी, वापरली की टाकून दिलेली. अंगठा आणि तर्जनीच्या मधे सुई गेली तेव्हा दुखलं असं नाही, जड झालं, आतून ओढल्यासारखं. गुडघ्याखाली चार बोटांवर दिलीत तिथंही तसंच. शरीरातल्या प्राणशक्तीच्या 12 मुख्य वाहिन्या आणि सुया टोचायचे 361 बिंदू ही चिनी मांडणी, आणि सुईनं मज्जातंतू चेतवले की शरीर स्वतःच वेदना कमी करणारी द्रव्यं सोडतं हे आजचं विज्ञान, दोन्ही तुम्ही समजावलंत. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी पुढं ही विद्या भारतात आणली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. ऐकून फार अभिमान वाटला.

आता मान दोन्हीकडे वळते. रात्री झोप लागते. मुंग्या कमी झाल्यात, पूर्ण गेल्या नाहीत. सगळं जाईल असं तुम्ही कधी म्हणालाही नव्हतात. यातलं किती श्रेय सुयांचं आणि किती तुम्ही उंच करायला लावलेल्या कामाच्या मेजाचं, ते मला वेगळं काढता येत नाही. दोन्ही तुमचंच.

आमच्याकडे शिकायला आलेली पोरं आत्ताच मान धरून बसायला लागलीत. सवडीनं एकदा गुजरीत या आणि कामाला बसायचं कसं, ते त्यांना तुमच्या तोंडून सांगा.

आपला ऋणी,
साज घडवणारा एक कारागीर, कोल्हापूर