रुंद दृष्टी आणि समोरच्या पाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्वागतशील मंडळीवरचा, म्हणजे सर्वांना सामावून घेणाऱ्या चर्चवरचा, नजर रुंदावण्याची ‘साधना’ सांगणारा लेख वाचला. दोनदा वाचला, पहिल्या वेळी रागाने ओळी सुटल्या म्हणून. लेखकाची भाषा गोड आहे, हेतूबद्दलही शंका नाही. दुसऱ्याच्या नजरेने जग पाहणं ही प्रार्थनाच, अशा अर्थाचं वाक्य मी अधोरेखितसुद्धा केलं. मग त्याच पेनाने समासात लिहिलं, ‘कोणाच्या उंचीवरून?’

माझी पत्नी चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाल्यापासून व्हीलचेअरवर आहे. आमच्या मंडळीच्या दारावर ‘सर्वांचे स्वागत’ ही पाटी आहे, पायऱ्यांशेजारी रॅम्प आहे, दारात हसून हात मिळवणारे स्वयंसेवक आहेत. तिथपर्यंत काहीच तक्रार नाही. खुर्ची आत येते आणि शेवटच्या बाकामागे, खांबाला टेकून थांबते. मोकळी जागा तेवढीच. मधल्या वाटेत लावली तर दानाची पिशवी फिरवणाऱ्यांना अडचण होते, असं आम्हांला फार प्रेमाने सांगण्यात आलं आहे. मग पहिलं गीत लागतं आणि सगळे उठून उभे राहतात. गीतांची पुस्तकं केव्हाच कपाटात गेली, शब्द आता समोरच्या पडद्यावर असतात. माझ्या पत्नीच्या समोर मात्र पाठी असतात. एका गृहस्थांच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा असतो, तो बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. पाच किल्ल्या, त्यांतली एक पितळी. पाठ असलेली गीतं ती म्हणते, नवीन लागलं की ओठ मिटून किल्ल्या बघत बसते.

याच मंडळीत गेल्या लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपवासकाळ) नजर विस्तारण्याचा चाळीस दिवसांचा उपक्रम झाला. रोज एक कार्ड. एका कार्डावर प्रश्न होता, ‘आज मी कोणाच्या जागी उभा राहिलो?’ (उभा! छापणाऱ्याला काही खटकलं नाही.) आठवड्यातून एकदा गोलात बसून चर्चा. तिथे मी पडद्याचा विषय काढला. गट चालवणाऱ्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं, छातीवर हात ठेवला, ‘मनातलं बोललात, आभार. आपण हे प्रार्थनेत ठेवू,’ म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. संपादक महोदय, ते अजून प्रार्थनेतच आहे.

तुमच्या लेखकाने शुभवर्तमानातला पक्षाघाती माणूस अगदी सहज वापरला आहे, त्याला येशूकडे उचलून आणणाऱ्या चार मित्रांच्या विश्वासाचं कौतुक करण्यासाठी. कौतुक योग्यच. पण मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. गर्दीमुळे त्यांना येशूजवळ जाता येईना, म्हणून छप्पर उसवावं लागलं. म्हणजे त्या घरात बसून वचन ऐकणाऱ्यांपैकी एकानेही वळून वाट करून दिली नाही. सगळे चांगले लोक असतील, मन लावून ऐकत असतील. मला तर वाटतं, मन लावून ऐकत होते म्हणूनच त्यांना मागचं दिसलं नाही. त्या श्रोत्यांवर उपदेश झालेला मी आजवर ऐकलेला नाही.

आता लेखातली चूक. ‘पेत्राने परराष्ट्रीय कर्नेल्याचे मंडळीत स्वागत केले’, असं छापलं आहे. (पेत्र हा येशूचा शिष्य, परराष्ट्रीय म्हणजे यहुदी नसलेला.) बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 10 एकदा उघडून पाहायला हवा होता. पेत्र होता यापोला, सायमन नावाच्या चांभाराच्या घरी. छपरावर भुकेल्या पोटी त्याला यहुद्यांना निषिद्ध प्राणीही असलेली, आकाशातून उतरणारी चादर दिसली, एकदा नव्हे, तीनदा, आणि तरीही तो गोंधळलेलाच राहिला. नंतर तो कैसरीयाला गेला आणि कर्नेल्याच्या घराचा उंबरठा त्याने ओलांडला. घर कर्नेल्याचं, माणसं जमवली कर्नेल्याने, सामोरा आला कर्नेल्य. पाहुणा होता पेत्र. स्वागत कोणी कोणाचं केलं? मला हा शब्दांचा कीस वाटत नाही. ‘आम्ही स्वागत करतो’ म्हणणारा आपल्या जागेवरून हलत नाही, पेत्राला मात्र उठून दुसऱ्याच्या घरी जावं लागलं. यरुशलेमला परतल्यावर ‘त्यांच्यात जाऊन जेवलास’ म्हणून बोलणी खावी लागली ती वेगळीच. आणि एवढं होऊनही अंत्युखियात तोच पेत्र माणसांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, हे पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. रुंदावलेली नजर पुन्हा आक्रसते, प्रेषिताचीही. लेखात हे आलं असतं तर ‘साधना’ या शब्दाला काही अर्थ राहिला असता.

बाकांबद्दल. पुढच्या एका बाकाचं टोक कापून तीन फूट रुंद, चार फूट लांब जागा करा, खुर्ची कुटुंबाच्या रांगेत बसेल, अशी लेखी विनंती मी कमिटीला केली. उत्तर आलं, बाक हा आपल्या उपासनेच्या परंपरेचा भाग आहे. परंपरेविषयी एवढा आदर असेल तर ती मागे कुठवर जाते तेही पाहावं. चर्चमध्ये शेकडो वर्षं लोक उभेच राहत, पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बऱ्याच ठिकाणी आजही राहतात. पाश्चात्त्य चर्चमध्ये बाक मध्ययुगाच्या उत्तरार्धात पसरले, धर्मसुधारणेनंतर (प्रोटेस्टंट पंथ निघाले ती) उपदेश हाच उपासनेचा मुख्य भाग झाला तेव्हा पक्के झाले. पुढे इंग्लंड-अमेरिकेत ते भाड्यानेही दिले जात, चांगली जागा चांगल्या पैशाला. (बायबलातलं याकोबाचं पत्र, अध्याय 2, सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली बैठक देणाऱ्यांची कानउघाडणी, पुन्हा सांगत नाही.) बाक येण्याआधी बसण्याची जी काही सोय असे ती बहुधा भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी. म्हणजे मूळ परंपरा आमच्याच बाजूने निघते.

खरं ते सांगायला हवं. पत्नी आजारी पडण्याआधी आम्ही बावीस वर्षं तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला बसत होतो. त्या बावीस वर्षांत खांबाजवळ कोणी बसत होतं का, मला आठवत नाही. आठवणार कसं, मी कधी मागे वळलोच नाही. कापायला सुचवलेला बाक आमचाच जुना आहे, त्यावर हल्ली बसणारे गृहस्थ माझे मित्र होते.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी पुढच्या बाकावरची दहा-अकरा वर्षांची मुलगी गीत चालू असताना खाली पडलेला रुमाल उचलायला बसली आणि तशीच आमच्याकडे तोंड करून राहिली. मग मोठ्याने म्हणाली, ‘आई, आजींना इथून काहीच दिसत नाही.’ आईने दटावलं. पोरगी उठली नाही. गीत संपेपर्यंत खाली बसून तिने पडद्यावरची ओळ अन् ओळ, मान उंचावून, आठवेल तशी माझ्या पत्नीला सांगितली. काही शब्द चुकले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमातल्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की महत्त्वाच्या प्रश्नावर मठातल्या सगळ्यांना बोलवावं, कारण प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच उत्तम मार्ग दाखवतो. आमच्या कमिटीत सर्वांत धाकटा सभासद अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

जाता जाता आणखी एक. पुरवणीचा टाईप तुम्ही वर्षभरात दोनदा बारीक केलात. स्वागतशीलतेवरचा हा लेख करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत होता. मला भिंग घ्यावं लागलं, पत्नीला वाचून दाखवावा लागला. लेखाखाली लेखकाचं छायाचित्र मात्र अर्ध्या रकान्याचं, अगदी स्पष्ट.

पत्र छापल्यास कृपया नाव देऊ नये. येत्या रविवारी खांबाजवळ बसायचंच आहे, आणि त्या किल्ल्यावाल्या गृहस्थांशी माझं अजून बरं आहे.

आपला,
एक वाचक