नेतृत्वाचा कस वाईट बातमीवर लागतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांविषयी लिहिताना बहुधा दोनच साचे वापरले जातात: एक मृदुभाषी आणि विनम्र, दुसरा कठोर आणि माणसांना रात्रंदिवस राबवणारा. या विभागणीत मूळ प्रश्न हरवतो. ठरलेल्या तारखेला उत्पादन तयार होणार नाही, हे कनिष्ठ अभियंत्याला वरिष्ठांसमोर निर्धास्तपणे सांगता येते का, हा तो प्रश्न.

नोकियाची घसरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. टिमो वुओरी आणि क्वी ह्यू या संशोधकांनी तेथील व्यवस्थापकांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की वरिष्ठांच्या रोषाला घाबरलेले मधल्या फळीतील लोक आपल्या सॉफ्टवेअरच्या मर्यादा वर कळवत नव्हते आणि वरचे लोक त्या गोड अहवालांवर विसंबून अशक्य मुदती ठरवत होते. आयफोन बाजारात आल्यानंतरचा मोलाचा काळ असा वाया गेला.

चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे प्रमुख राहिलेले अँडी ग्रोव्हही कठोरच होते. मात्र त्यांच्या कंपनीत हुद्दा न पाहता वाद घालण्याची रीत मुद्दाम रुजवली होती. १९८५ मध्ये मेमरी चिपचा व्यवसाय सोडण्याचा निर्णय वरिष्ठांनी घेतला, त्याआधीच खालच्या व्यवस्थापकांनी कारखान्यांची क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे संगणकाचा मेंदू ठरणाऱ्या चिपकडे, वळवायला सुरुवात केली होती. कामाविषयीचा आग्रह आणि माणसाविषयीची दहशत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी त्यामुळेच आग्रहाने मांडतो.

नम्रतेचे कौतुकही तपासूनच व्हावे. सत्या नाडेला यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टची सूत्रे घेतली आणि त्याच वर्षी जुलैत १८,००० पदे कमी करण्याची घोषणा झाली. म्हणजे सौम्य स्वभाव कठोर निर्णयांच्या आड येत नाही. शिवाय सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध क्रमवारीत उभे करणारी मूल्यमापन पद्धत तेथे नोव्हेंबर २०१३ मध्ये, आधीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांच्याच कारकिर्दीत, बंद झाली होती. एका व्यक्तीच्या स्वभावाला सारे श्रेय देताना नियमांतील हा बदल विसरला जातो, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे, कारण सहकाऱ्याचे अपयश जिथे आपल्या पथ्यावर पडते, तिथे कोणी कोणाची चूक वेळेवर दाखवून देत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की अशा प्रमुखांच्या मुलाखती छापताना त्यांचा दिनक्रम आणि वाचनाच्या आवडी विचारण्याबरोबरच, त्यांचा कोणता निर्णय हाताखालच्या माणसाच्या आक्षेपामुळे बदलला आणि पुढे त्या माणसाचे काय झाले, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक