बाबा, गोळी बंद करायची नाही

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा तुम्ही सहज बोलून गेलात की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ९० हजार आल्या म्हणून चार दिवस एल्ट्रोम्बोपॅगची गोळीच घेतली नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितेय, कारण फोनवर मी चिडते आणि तुम्ही "बरं बरं" करून विषय बदलता.

बाबा, ते ९० हजार गोळीचेच आहेत हो. आयटीपी, म्हणजे प्लेटलेट कमी करणारा तुमचा आजार, गेलेला नाही, शरीर अजून स्वतःच्याच प्लेटलेट मारतंय, ही गोळी फक्त अस्थिमज्जेच्या (हाडातल्या रक्त बनवणाऱ्या भागाच्या) मागे लागते की अजून बनव, अजून बनव. गोळी थांबली की मारणं चालूच आणि बनवणं मंद, मग दोनेक आठवड्यांत काउंट आपटू शकतो, कधी पहिल्यापेक्षाही खाली. स्टिरॉइडच्या वेळचं आठवा ना, डोस कमी केला की काउंट धाडकन खाली, वर शुगर वाढलेली, आणि तुम्ही रात्री २ वाजता कपाट आवरत बसलेले! आज डॉक्टरांना फोन करून खरं सांगा, आणि राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका प्लीज, प्लेटलेट फार वाढल्या तर रक्ताच्या गुठळीची भीती असते.

आई, तुझ्या वहीत दीड लाखाखालचा प्रत्येक आकडा लाल पेनाने असतो, तो लाल पेन ठेवून दे. ५० हजारांच्या आसपास किंवा वर राहिलं आणि कुठून रक्त येत नसलं की झालं. त्यापेक्षा बाबांच्या नडग्या बघ, ते टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके परत आले का, बीपीच्या पट्ट्याखाली दंड जांभळा झाला का. हिरड्यातून रक्त थांबेना, शी काळी झाली किंवा डोकं भयंकर दुखलं तर मला विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल.

अजून एक, परवा व्हिडिओ कॉलवर दिसलं, डबीत सकाळच्या खणात त्या गोळीशेजारीच कॅल्शियमची गोळी. कॅल्शियम तिला चिकटतं आणि ती अंगी लागतच नाही. दूध-दही, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं औषध, यातलं काही घेतलं तर नंतर ४ तास ही गोळी नाही, आणि ही घेतल्यावर २ तास ते काही नाही. लिव्हरची टेस्ट चुकवू नका. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन नाही.

आणि हीसुद्धा चालली नाही तर रोमिप्लोस्टिमचं आठवड्याचं इंजेक्शन आहे, रिटुक्सिमॅब हे दुसरं औषध आहे, प्लीहा (पोटातला तो अवयव, जिथे प्लेटलेट मारल्या जातात) काढायचं त्याच्याही नंतर बघू. पण आधी ही गोळी नीट घेऊन तर बघा.

डबी आवरली की फोटो पाठव आई.

तुमची,
मनू