मोटर अर्धी चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन कधी सुटणार, किती पंप चालू झाले या बातम्या तुमच्या पेपरात दर उन्हाळ्यात असतात, पण कुठला पंप कधी चालू नि कधी बंद हे ठरवायचंही एक गणित आहे, त्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवतो, घरचा ऊस आहे.

अडचण अशी की व्हॉल्व्ह थोडा उघडता येतो पण पंपाची साधी मोटर एकतर चालू नाहीतर बंद. तासाला एक निर्णय धरला तरी एका पंपाचे २४ तासांत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पर्याय होतात, दुसरा पंप आला की त्याचा वर्ग, एकेक तपासणं कम्प्युटरलाही झेपत नाही. मग आधी समजायचं की पंप ०.४ पण, म्हणजे चाळीस टक्केही चालतो, तसं गणित पटकन सुटतं, आणि नंतर त्या उत्तराचं चालू-बंद करायचं. इथंच खरी गंमत आहे. दर तासाला ०.४ आलं आणि जवळचा पूर्णांक घेतला तर कायम शून्य, पंप चालूच होत नाही, ऊस वाळला! त्याऐवजी बाकी पुढं ओढायची. पहिल्या तासाला ०.४ बाकी, बंद. दुसऱ्याला ०.८ झाली, अर्ध्याच्या वर गेली, चालू; चालू केलं की बाकीतून एक वजा. तिसऱ्याला ०.२ उरली, बंद. चौथ्याला ०.६, चालू. पाचव्याला बाकी शून्य, बंद. पाच तासांत दोन तास, हिशोब चोख. जर्मनीत सेबास्टियन झागर यांनी हायडेलबर्ग विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीच्या प्रबंधात हा विषय मांडला. वेळेचे तुकडे जेवढे बारीक तेवढी चूक कमी हेही सिद्ध झालंय.

पण तुकडे फार बारीक केले की मोटर सारखी चालू-बंद होते. मागच्या मे महिन्यात आमच्या गावच्या पाणी संस्थेत असंच टाकीची लेव्हल धरायच्या नादात दिवसभर स्टार्टर दाबत राहिले आणि वायंडिंग जळालं, नऊ दिवस पाणी नाही, उसाचे शेंडे पिवळे पडलेले मी डोळ्यानं बघितलेत. म्हणून एकदा चालू केली की किमान अमुक वेळ बंद करायची नाही ही अट गणितातच घालावी लागते. त्यानं गणित अवघड होतं, पण सुटतं.

जिल्ह्यात एवढ्या उपसा योजना आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजंही आहेत आणि पोरं मात्र फायनल इयरला इंटरनेटवरचे तयार प्रोजेक्ट उचलतात याचं फार वाईट वाटतं. पाणी संस्थांनी नुसती पंपाची चालू-बंदची वही आणि लाईट बिलं बघायला दिली तरी पुरे, पोरं घेऊन मी स्वतः पंपहाऊसवर येतो.

आपला,
एक प्राध्यापक, सांगली