मार्को पोलो परतला तेव्हा इटलीत पास्ता होताच

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘मार्को पोलोने चीनहून पास्ता इटलीत आणला’ असे ठामपणे म्हटले आहे. साल पाहिले तरी हे टिकत नाही. पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. जिनोव्हात १२७९ सालीच उगोलिनो स्कार्पा या नोटरीने एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली, तीत माकारोनीने भरलेली पेटी आहे. मालमत्तेत धरली म्हणजे ती वाळवलेली, टिकाऊ असणार. त्याहीआधी, ११५४ मध्ये, सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरच्या दरबारातील भूगोलकार अल-इद्रिसी लिहितो, की पालेर्मोजवळच्या त्राबियात ‘इत्रिया’, म्हणजे शेवयांसारखा सुका पास्ता, बनते आणि जहाजे भरून कालाब्रियाला व इतर मुस्लिम-ख्रिस्ती मुलखांत जाते. पोलोची कथा पसरवली ती १९२९ मध्ये ‘मॅकरोनी जर्नल’ या अमेरिकी कारखानदारांच्या मासिकाने. जाहिरातच ती!

चीनमध्ये नूडल्स फार जुन्या, हे खरेच. लाजिया येथे सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्स राळ्यासारख्या भरडधान्याच्या असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यावर वाद आहे. पण सिसिलीचा माल वेगळा, कारण गहू वेगळा. ड्युरम, म्हणजे आपल्याकडचा बन्सी. तो कडक असतो, दळला की दाणेदार पिवळा रवा पडतो. १०० भाग रव्याला साधारण ३० भाग पाणी, एवढ्यावरच घट्ट मळायचा. असा पास्ता शिजताना आकार सोडत नाही. मऊ गव्हाचा लगदा होतो.

खरे कसब वाळवण्यात. नेपल्सजवळच्या ग्रान्यानोत पूर्वी हे काम तीन टप्प्यांत चाले. आधी उन्हात, वरचा थर जेमतेम कडक होईपर्यंत. मग थंड, दमट तळघरात, म्हणजे आतला ओलावा हळूहळू वर येऊन सगळीकडे सारखा होतो. शेवटी सावलीत, खेळत्या हवेत. मधला टप्पा गाळून घाई केली, तर बाहेरचा थर आकसतो, आतला ओला राहतो, केसासारख्या भेगा पडतात आणि उकळत्या पाण्यात तुकडे होतात. रेंगाळले तर बुरशी धरते, आंबूस वास येतो. आपल्या शेवयांना तळघर लागत नाही, कारण त्या इतक्या बारीक की आत-बाहेर एकदमच वाळतात. आज इटलीत विक्रीच्या सुक्या पास्त्यात ओलावा १२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

जाता जाता चित्राबद्दल. पोलोच्या ताटात लालभडक टोमॅटोचा रस्सा दाखवला आहे. टोमॅटो युरोपात आला तो कोलंबसानंतर, आणि नेपल्सच्या इप्पोलितो काव्हालकान्तीने टोमॅटोतल्या व्हर्मिचेल्लीची कृती छापली १८३९ मध्ये. मध्ययुगात पास्त्यावर किसलेले चीज पडे, श्रीमंतांकडे वर साखर आणि दालचिनीही. दुरुस्ती छापाल तेव्हा चित्रही बदलावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे